आधी पाणी, मग मासे

शिरूरच्या काय किंवा दौंडच्या काय, कोणत्याही घरातले पाणी तापवायचे जुने पातेले घ्या आणि आत डोकावून पाहा. तळाला व कडांना पांढरट, खरखरीत थर बसलेला दिसेल. आपल्याकडच्या बहुतेक विहिरींच्या आणि कूपनलिकांच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, आणि डोके धुतले तर केसांच्या दोऱ्या होतात. विज्ञानाच्या पुस्तकात या पाण्याला दुष्फेन पाणी म्हणतात. आपल्या पायाखाली काळा बेसॉल्ट आहे, त्यावर काळी माती आहे आणि तिच्यात जागोजागी चुनखडीचे खडे आहेत. पावसाचे पाणी हवेतून व मातीतून कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्ल होते, या थरांतून झिरपताना कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून घेते, आणि मग पंपाबरोबर वर येते.

घरातली मंडळी या पाण्याला नावे ठेवतात. पण जगात असे काही मासे आहेत की ज्यांना नेमके असेच पाणी हवे असते, आणि ते मासे आपल्यापासून हजारो किलोमीटर दूर, आफ्रिकेतल्या एका सरोवरात राहतात.

अलीकडे आपल्या तालुक्याच्या गावांतही घरी मासे पाळण्याची हौस वाढली आहे. दुकानातून प्लास्टिकच्या पिशवीतून चार-सहा रंगीत मासे आणले जातात. पंधरा दिवसांत ते एकेक करून मरतात. मग ‘आपल्याला मासे लाभत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो आणि काचेची पेटी माळ्यावर जाते. हा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. निऑन टेट्रा हा सुंदर छोटा मासा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला आहे. तेथील ओढे कुजलेल्या पानांनी चहासारखे रंगलेले असतात. पाणी आम्लधर्मी आणि क्षारांच्या दृष्टीने जवळजवळ कोरे. त्या माशाला तुम्ही आपल्या बोअरच्या पाण्यात सोडता आणि दोष देता नशिबाला!

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. मासा चित्र पाहून निवडू नये, पाणी पाहून निवडावा. हा नियम काचेच्या पेटीला जितका लागू आहे तितकाच भीमा नदीलाही लागू आहे. दुसरे विधान जरा विचित्र वाटेल. तिकडे आपण वळणारच आहोत. आधी पेटीकडे पाहू.

टांगानिका सरोवराची लांबी सुमारे ६७३ किलोमीटर आहे, म्हणजे पुण्यापासून नागपूरपर्यंतच्या सरळ अंतराहूनही जास्त. सर्वांत खोल जागी ते सुमारे १४७० मीटर खोल आहे. आपले कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर समुद्रसपाटीपासून उचलून त्यात ठेवले, तर जेमतेम पावणेदोनशे मीटर पाण्याबाहेर राहील. बुरुंडी, काँगो, टांझानिया आणि झांबिया या चार देशांच्या सीमा या सरोवराला लागतात. त्याच्यातून बाहेर पडणारी नदी लहान आहे. बरेचसे पाणी बाष्प होऊन जाते. पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात. लाखो वर्षे ही क्रिया चालल्यामुळे तेथील पाणी दुष्फेन आणि अल्कधर्मी झाले आहे. त्याचा सामू, म्हणजेच पीएच, ९ च्या आसपास असतो. पृष्ठभागाजवळचे तापमान वर्षभर साधारण २४ ते २८ अंश सेल्सियस.

या सरोवरात सिक्लिड कुळातील माशांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कोठेही निसर्गतः सापडत नाहीत. सिक्लिड म्हटले की हौशी लोकांच्या डोळ्यांपुढे भांडणे येतात. दुकानात ‘आफ्रिकन सिक्लिड’ म्हणून जे पिवळेधमक व निळे मासे मिळतात ते बहुधा मलावी या दुसऱ्या सरोवरातले, खडकांवर राहणारे असतात. प्रत्येक नर एकेक कपार अडवून बसतो आणि शेजाऱ्याला हुसकावतो. बांधावरून भांडणाऱ्या भाऊबंदांची आठवण यावी असा प्रकार! पण टांगानिकातील एक जात अगदी वेगळ्या स्वभावाची आहे. तिचे शास्त्रीय नाव सायप्रिक्रोमिस लेप्टोसोमा. शास्त्रज्ञांनी तिचे वर्णन १८९८ साली केले. इंग्रजीत तिला सार्डिन सिक्लिड म्हणतात, कारण हा मासा सडपातळ असतो आणि तारलीसारखा थव्याने राहतो. लांबी साधारण १० ते १२ सेंटिमीटर. खडकाळ उताराच्या पुढे, उघड्या पाण्यात यांचे प्रचंड थवे तरंगत असतात आणि पाण्यातून वाहत येणारे सूक्ष्म प्राणी टिपून खातात. त्यासाठी यांचा जबडा नळीसारखा पुढे येतो. एकाच थव्यातल्या काही नरांची शेपटी पिवळी तर काहींची निळी असते. माद्या मात्र साध्या, रुपेरी-करड्या.

हा मासा शांत आहे, पण त्याला सोबत हवी. दोन-तीनच मासे ठेवले तर ते कोपऱ्यात दबून राहतात आणि नीट खातही नाहीत. दहा-बारा एकत्र ठेवले की पेटीच्या मधल्या व वरच्या पाण्यात थवा धरून फिरू लागतात. थव्याला पुढारी नसतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रत्येक मासा डोळ्यांनी शेजारच्यांकडे पाहतो आणि अंगावरच्या पार्श्वरेखेने पाण्याच्या दाबातले बारीक फरक ओळखतो. अमेरिकेतील क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ साली संगणकावर असा थवा चितारला, तेव्हा त्यांनी प्रत्येक घटकाला तीनच नियम दिले होते: शेजाऱ्यावर आदळू नको, शेजाऱ्यांच्या दिशेने चल, आणि घोळक्याच्या मध्याकडे सरक. एवढ्यावर पडद्यावर थवा तयार झाला! पुढे १९९५ मध्ये हंगेरीच्या तामाश विचेक यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याहूनही साधे गणिती रूप मांडले आणि थव्याचा अभ्यास भौतिकशास्त्रात आला. लोहचुंबकातील अणू एका दिशेने कसे वळतात आणि मासे एका दिशेने कसे वळतात, या दोन प्रश्नांत नाते आहे हे कळले तेव्हा माझ्यासारख्या भौतिकीच्या शिक्षकाला केवढा आनंद झाला असेल, याची कल्पना तुम्ही करू शकाल.

तुम्हालाही पाहता येईल. काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा कागद पेटीच्या काचेबाहेरून हळूहळू सरकवा. मासे बहुधा पट्ट्यांबरोबर सरकू लागतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने एक मिनिटाचे चित्रण करा, दर सेकंदाला ते थांबवा, आणि किती मासे डावीकडे तोंड करून आहेत व किती उजवीकडे, ते वहीत मांडा. आलेख काढा. शाळेच्या प्रदर्शनात दरवर्षी येणाऱ्या ज्वालामुखीपेक्षा हा प्रयोग मला अधिक आवडेल.

आता पेटीचा हिशेब करू. १२० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद अशी पेटी घ्या व तिच्यात ४० सेंटिमीटर पाणी भरा. पाणी झाले २१६ लिटर, म्हणजे २१६ किलो. काचेचे व वाळूचे वजन वेगळेच. लाकडी टीपॉयवर ही पेटी ठेवू नये हे एवढ्यावरून कळेल. पुढच्या काचेवर पाण्याचा एकूण रेटा किती? सरासरी दाब गुणिले क्षेत्रफळ असे करा. उत्तर सुमारे ९४० न्यूटन येते. म्हणजे जवळजवळ क्विंटलभराचे पोते त्या काचेला रात्रंदिवस टेकून उभे आहे. तरीही मी थव्यासाठी चार फुटांहून लहान पेटी सुचवणार नाही. या माशांना सरळ रेषेत पोहायला जागा लागते. वर झाकणही हवे, कारण दचकले की ते उडी मारतात. काचेच्या गोल भांड्यात मासे ठेवण्याची चाल तर बंदच व्हावी. त्या भांड्याचे तोंड अरुंद असते, आणि हवेतला प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातूनच.

प्राणवायूचा प्रश्न आपल्या उन्हाळ्यात बिकट होतो. समुद्रसपाटीला २५ अंश तापमानाचे गोडे पाणी लिटरमागे जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते. ३० अंशाला ७.६. आपण समुद्रसपाटीपासून ५०० ते ५५० मीटर उंच आहोत, हवेचा दाब सुमारे ६ टक्के कमी, म्हणून हे आकडेही तितकेच कमी धरायचे. त्यात भारनियमन आले की हवेचा पंप बंद! अशा वेळी तांब्याभर पाणी काढून हातभर उंचीवरून पुन्हा पेटीत ओतत राहावे. वेड्यासारखे दिसते खरे, पण पृष्ठभाग ढवळला जातो आणि काम होते.

पाणी थंड कसे ठेवायचे? माठ जसे ठेवतो तसे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. ती सगळी पेटीतल्या पाण्यातूनच गेली असे मानले तर २१६ लिटर पाणी २.७ अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात उतार थोडा कमी होतो, कारण खोलीतून उष्णता आत येतच असते. पृष्ठभागावरून पंख्याचा वारा सोडला म्हणजे पुरे. झाकणाच्या जागी तेवढ्यापुरती जाळी बसवावी. मात्र येथे एक खोच आहे. वाफ झालेल्या पाण्याच्या जागी तुम्ही पुन्हा विहिरीचे पाणी ओतले की दर खेपेला नवे क्षार येतात आणि जुने तसेच राहतात. टांगानिकात जे लाखो वर्षांत झाले ते तुमच्या पेटीत एका उन्हाळ्यात होऊ लागते. म्हणून आटलेले पाणी भरून काढायला साठवलेले पावसाचे पाणी वापरावे, आणि आठवड्याला पेटीतले चौथा-पाचवा हिस्सा पाणी काढून नवे घालावे. हिवाळ्यात आपल्याकडे रात्री पारा १० अंशांच्याही खाली जातो. तेव्हा तापक लागतो. २०० वॅटचा तापक हे पाणी १ अंशाने तापवायला सव्वा तास घेईल; बाहेर जाणारी उष्णता धरली तर अधिकच.

आपले पाणी टांगानिकासारखे आहे असे मी म्हणालो, पण ते न तपासता धरून चालू नये. काही विहिरींचे पाणी त्या सरोवराहून कितीतरी अधिक दुष्फेन असते, आणि उसाच्या पट्ट्यातील विहिरींत खतांतून आलेले नायट्रेटही असते. शाळेच्या प्रयोगशाळेत साबणाचे द्रावण थेंबथेंब घालून टिकाऊ फेस कधी येतो ते पाहण्याचा प्रयोग असतो. तो घरच्या पाण्यावर, शेजारच्या विहिरीवर, नळाच्या पाण्यावर आणि पावसाच्या पाण्यावर करा. त्याच बैठकीत सामू पाहा. नगरपालिकेच्या नळाचे पाणी असेल तर त्यातील क्लोरीन मारक ठरते. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले तर ते उडून जाते, किंवा छायाचित्रकार वापरत असत तो हायपो किंचित घालावा.

अल्कधर्मी पाण्याचा एक धोका मात्र दुकानदार सांगत नाहीत. माशांच्या मलमूत्रातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो: एक निरुपद्रवीसे अमोनियम, दुसरा विषारी मोकळा अमोनिया. २५ अंशाला सामू ७ असेल तर विषारी भाग शेकडा अर्धा-पाऊण असतो. सामू ८ झाला की शेकडा ५ च्या वर, आणि ९ झाला की शेकडा ३६! म्हणजे जे जास्तीचे अन्न दुसऱ्या पाण्यात खपून गेले असते तेच आपल्या पाण्यात मासे मारते. अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू गाळणीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत हा थवा सोडू नये. घरातले प्रत्येक मूल येता-जाता चिमूटभर खाणे टाकते, हा आपल्याकडच्या मत्स्यपालनाचा सर्वांत मोठा रोग आहे. दोन मिनिटांत संपेल एवढेच, दिवसातून दोनदा. आणि टाकणारा हात एकच असावा.

आता भीमेकडे वळू.

सिक्लिड कुळातला एक आफ्रिकन मासा तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. मासे खाणाऱ्यांच्या तर ताटातही तो येऊन गेला असेल. भिगवणच्या बाजारात, दौंडच्या बाजारात ज्याला चिलापी म्हणतात तो हाच, तिलापिया. आफ्रिकेच्या आग्नेय भागातील नद्यांमधला मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला. हेतू चांगला होता: गोरगरिबांना स्वस्त प्रथिने मिळावीत. परंतु तो तळ्यांतून इतका बेसुमार वाढू लागला, व वाढूनही इतका खुजा राहू लागला, की १९५९ साली देशाच्या मत्स्यसंशोधन समितीने त्याच्या प्रसारावर बंदी घातली. बंदी कागदावर आली, पण माशाला कागद वाचता येत नाही. पुढे १९७० नंतरच्या दशकात त्याचा नाईल नदीतला मोठा भाऊही आला. २००९ पासून सरकारने अटी घालून तिलापियाच्या शेतीला परवानगी दिली. आज उजनीच्या जाळ्यांत चिलापी खंडीने येते.

हा मासा इतका यशस्वी का झाला, याची तुलना आपल्या थव्याच्या माशाशी करून पाहा. दोघांचीही मादी अंडी तोंडात धरून उबवते. सायप्रिक्रोमिसची मादी उघड्या पाण्यात एकेक अंडे सोडते, ते खाली बुडू लागताच वळून तोंडात टिपते, आणि सुमारे तीन आठवडे पिले तोंडात वागवते. पण तिची अंडी असतात साधारण दहा ते वीस. चिलापीची मादी शेकड्यांनी अंडी घालते, काही महिन्यांची झाली की लगेच विते, आणि वर्षातून अनेकदा विते. शेवाळ, कुजका पाला, कीटक, दुसऱ्यांची अंडी, सारे तिला चालते. गढूळ पाणी चालते, खारे चालते, प्राणवायू अगदी कमी असला तरी ती तग धरते. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर आक्रमक जातींच्या यादीत मोझांबिक तिलापियाचे नाव आहे. गंमत अशी, की त्याच्या स्वतःच्या मुलखात बाहेरून आणलेल्या नाईल तिलापियाशी संकर होऊन आज तोच धोक्यात आला आहे.

पण सगळा दोष चिलापीच्या माथी मारणे मला पटत नाही. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा नावे देताना त्यांनी येथील मराठी नावेच उचलली. आपल्या महसीराचे नाव त्यामुळे आजही टॉर खुद्री आहे, आणि दुसऱ्या एका माशाचे हिप्सेलोबार्बस कोलस. त्या वेळची भीमा, घोड आणि मुळा-मुठा म्हणजे खडकांतून वाहणाऱ्या, डोह व उथळ धारा असलेल्या नद्या होत्या. टाकळी हाजीजवळ कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना पाण्याच्या त्या ओघाची कल्पना येईल. महसीर अशाच वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा मासा. आपण नद्यांवर धरणे बांधली. १९८० मध्ये उजनी पुरे झाले आणि तिचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत आला. धरणांची गरज होती, त्याबद्दल वाद नाही. मुळा-मुठा पुणे शहराचे सांडपाणी घेऊन शिरूर-दौंड तालुक्यांच्या सीमेवर भीमेला मिळते, ही गरज मात्र कोणाचीच नव्हती. पाणी साचले, गढूळले, त्यात शेवाळ माजले, प्राणवायू घटला. असे पाणी ज्याला मानवते तो मासा तेथे आधीच येऊन ठेपला होता. महसीराचे पाणी आपण चिलापीचे केले, आणि मग चिलापी वाढली. वाम, मरळ, शिंगटा आता पूर्वीसारखे मिळत नाहीत असे नदीकाठचे भोई सांगतात. त्यांच्यातील कित्येकांची चूल आज चिलापीवरच पेटते, हेही विसरता येत नाही.

येथे काही शिक्षक म्हणतील: एवढे सारे माहीत असून तुम्ही परदेशी मासे पाळायला मुलांना सांगता कसे? आक्षेप योग्य आहे. माझे उत्तर असे, की सायप्रिक्रोमिस भीमेत सोडला तर तो बहुधा मरेल. त्याला स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते आणि त्याची वीण तुटपुंजी आहे. पण हे उत्तर मी स्वतःच पुरेसे मानत नाही. १९५२ साली चिलापीबद्दलही कोणी वाईट चिंतिले नव्हते. शिवाय माशाबरोबर त्याचे परोपजीवी व रोगजंतू नदीत जातात. आणि ज्याला एक मासा नदीत सोडण्याची सवय लागली तो पुढच्या वेळी दुसरा सोडणारच. पेटीच्या काचा साफ करतो म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा दीड फूट वाढला की घरात नकोसा होतो. लोक तो तळ्यात टाकून देतात. केरळ, आंध्र, बंगाल येथील पाणथळींत आज तो पसरला आहे आणि त्याच्या काटेरी कवचाने कोळ्यांची जाळी फाटत आहेत. टाकणाऱ्याने ‘जीव वाचवला, पुण्य लागले’ असेच म्हटले असेल.

तेव्हा माझी अट साधी आहे. ज्याला पेटीची काच ही सरहद्द म्हणून पाळता येणार नाही त्याने परदेशी मासा घेऊच नये. तोच नियम शाळेला. शाळेत तर मी आफ्रिकन माशांनी आरंभ करा असे म्हणणारही नाही. ते आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळत नाहीत आणि मिळाले तर महाग असतात. थवाच पाहायचा असेल तर आपल्या ओढ्यांतील रासबोरा व डॅनिओ हे बोटभर लांबीचे चंदेरी मासे तितकाच सुंदर थवा धरतात, त्यांना आपले पाणी जन्मजात मानवते, आणि दहा-बारा मासे नेल्याने ओढ्याचे काही बिघडत नाही. पण ते मासे शोधायला गेल्यावर ओढ्यात पाणीच कोठे उरले आहे, आणि उरलेल्या पाण्याचा वास कसा आहे, हेही विद्यार्थ्यांना दिसेल. दिसू द्यावे. साबणाचे द्रावण व सामूचा कागद बरोबर न्यावा आणि घोड नदीचे पाणी, ओढ्याचे पाणी व पेटीतले पाणी असे तीन स्तंभ वहीत पाडावेत. सिक्लिडच हवा असेल तर आपल्या देशातही तीन जाती आहेत. त्यांतला कालुंदर गोव्याच्या खाड्यांत सापडतो, पण तो निमखाऱ्या पाण्याचा, दौंडच्या पेटीचा नव्हे.

घरी ज्यांनी थवा पाळला आहे त्यांना लवकरच पिलांचा प्रश्न येतो. पिले वाढली की ओळखीच्या हौशी माणसाला द्यावीत, नाहीतर दुकानदाराला परत करावीत. पुष्कळ दुकानदार आनंदाने घेतात. यांपैकी काहीच जमत नसेल तर नर व माद्या वेगळे ठेवावेत. मेलेला मासा गटारात न टाकता मातीत पुरावा. आठवड्याला काढलेले पेटीचे पाणीही मोरीत ओतू नये, कारण मोरी गटाराला मिळते आणि गटार घोडेला किंवा भीमेला. त्या पाण्यात नायट्रेट असते, झाडांना ते आवडते. आमच्याकडे दर रविवारी दोन-तीन बादल्या जास्वंदीला आणि पारिजातकाला जातात. ओतण्यापूर्वी बादलीतले पाणी चहाच्या गाळणीतून गाळून घ्यावे, कारण एखादे पिलू त्यात आलेले असू शकते.